बापूजींच्या काट्यावर आभाळाचा दगड

बापूजींच्या सातऱ्यावर चाळीस बाया मिरचीची देठं खुडत. त्यांतल्या एकोणचाळीस जणी खुडता खुडता बोलत, आणि बायजाबाई खुडता खुडता मोजे.

भिवापूरच्या बाहेर, बाभळीच्या कुंपणाआड, दोन एकरांच्या त्या मोकळ्या जागेवर माघ ते चैत्र लाल मिरची पसरलेली असायची. तिलाच सातरा म्हणायचं. मिरची वाळवायची, देठं खुडायची, पोती भरायची आणि नागपूरला लकडगंजात बापूजींच्या दुकानी पाठवायची, एवढाच तिथला कारभार. बायांची मजुरी खुडलेल्या मिरचीच्या वजनावर. म्हणून दिवसभर सगळ्यांचं लक्ष हातातल्या मिरचीकडे आणि दिवस कलला की काट्याकडे.

बायजाबाईची मोजणी कोडीची. वीस मिरच्यांची एक कोडी. तिच्या आजीने शिकवलेली, तिच्या बोटांत बसलेली. मनाला विचारावंही लागत नसे. तीन वर्षांपूर्वी सातऱ्यावर लोखंडी तराजू होता तेव्हा पस्तीस कोड्यांत किलो भरायचा. मग बापूजींनी लाल आकड्यांचा नवा काटा आणला, आणि किलोला साडेअडतीस कोड्या लागायला लागल्या. पहिल्या वर्षी तिला वाटलं, मिरची बारकी असेल. दुसऱ्या वर्षी वाटलं, जास्त वाळली असेल. तिसऱ्या वर्षी तिने वाटून घेणं सोडलं आणि बापूजींकडे बघणं सुरू केलं.

बघण्यासारखा माणूस होता. पांढरा पायजमा, पांढरी टोपी, मिरचीच्या ढिगात उभा राहिला तरी डाग नाही. सगळ्यांशी गोड. पण चहा पाजला की कप मोजून परत घ्यायचा. सातऱ्यावर कुणी शिंकलं तरी आधी मुठीत काही आहे का ते बघायचा, मग म्हणायचा, "जपून वं माय."

फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी दिवस नुकताच बुडाला होता. अर्ध्या बाया काट्यापुढे रांगेत, आणि बायजाबाई रांगेच्या शेवटी, टोपलीतली राहिलेली देठं खुडत. तेवढ्यात सातरा उजळला. निळसर पांढरा, वेल्डिंगचा पडतो तसा उजेड. समोरच्या गोदामाच्या भिंतीवर बायांच्या सावल्या पडल्या आणि सावल्या पळायला लागल्या, बाया जागच्या जागी. आभाळात मावळतीकडून उगवतीकडे एक गोळा गेला, मधेच भडकला, फुटला आणि विझला.

"माय वं!" रुखमाबाई ओरडली. ती बायजाबाईच्या शेजारी बसणारी, आवाजाने सातऱ्यात पहिली. "विमान पडलं काय?"

सगळे वर बघत होते. बायजाबाईने बापूजींकडे बघितलं. बापूजी एकटेच खाली बघत होते, काट्यावरच्या टोपलीकडे.

"कोणी हलायचं नाही! काट्यापासून मांगं व्हा!"

बायजाबाई खाली बसली आणि घाबरल्या हातांनी खुडायला लागली. घाबरलं की काही बाया देव आठवतात. तिचे हात देठ आठवतात. चार कोड्या आणि चौदा मिरच्या झाल्या, आणि मग आवाज आला. पोटात घुसणारा, सुरुंगासारखा. गोदामाचे पत्रे थरथरले. पाठोपाठ लांबून गडगड.

"एवढ्या उशिरा आवाज?" रुखमाबाई म्हणाली. "नक्की काही तरी लपवून राह्यले हे लोक."

कोण लोक, ते तिलाही माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी नागपूरहून एक पांढरी जीप आली. तिच्यातून पस्तिशीतली बाई उतरली. पायांत बूट, गळ्यात ओळखपत्र, हातात होकायंत्र. जीपवर सरकारी वाटेल अशी पाटी होती. ती पाटी दिसताच काट्यावर बसणाऱ्या दुर्गेशने, म्हणजे बापूजींच्या भाच्याने, एक बारदाना उचलला आणि काट्यावर टाकला. तापलेल्या दुधावर झाकणी ठेवावी, इतक्या सहज. बायजाबाईने ते मनात टिपून ठेवलं.

बाईचं नाव दीप्ती. नागपूरच्या एका संस्थेत उल्कांचा अभ्यास करत होती. मंगळवारचा गोळा म्हणजे आभाळातून आलेला दगड, हवेच्या दाबाने वरच फुटलेला, असं तिने सांगितलं. लकडगंजातल्या तीन दुकानांचे कॅमेरे आणि बेसातल्या एका सोसायटीच्या गेटचा कॅमेरा, एवढ्यांत तो दिसला होता. चारही चित्रांवरून ती दिशा जुळवत होती. तुकडे इकडेच कुठं तरी पडले असावेत.

"लकडगंजात कोनाच्या दुकानाचा कॅमेरा?" बापूजींनी लगेच विचारलं. "अन् त्यात आणखी काय काय दिसलं?"

"आभाळ दिसलं, काका."

"फक्त आभाळ?" बापूजींचा विश्वास बसला नाही. दुर्गेशला बाजूला घेऊन ते हळू आवाजात म्हणाले, "दगडाचं नाव आहे फक्त. ही वजनमापवाली नाही त लेबरवाली. चहा पाज, पण गोदाम दाखवू नको."

दीप्ती मॅडम एकेकीला विचारत होत्या: कुठं उभ्या होतात, गोळा कोणत्या खांबामागून गेला, उजेडानंतर आवाज किती वेळाने आला. कुणी म्हणालं लगेच, कुणी म्हणालं अर्धा तास. रुखमाबाईने पाच मिनिटं सांगितली आणि वर, "लिहून घ्या, माह्या नावानं लिहा," असंही बजावलं.

बायजाबाई म्हणाली, "चार कोड्या अन् चौदा मिरच्यांनी."

बाया हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी बायजाबाईपुढे मिरचीचा ढीग ओतला आणि मोबाइलवर घड्याळ लावलं. "खुडा मावशी. त्या दिवशी खुडत होतात तशाच."

चौऱ्याण्णव मिरच्या झाल्या तेव्हा मोबाइलवर एक मिनिट एकतीस सेकंद होते. पुन्हा केलं: एक मिनिट तेहतीस. तिसऱ्यांदा: एक तीस.

"मावशी, तुम्ही घड्याळ आहात घड्याळ!" मॅडम वहीत भराभर लिहायला लागल्या. "उजेड लगेच पोचतो. आवाज मागून, पायी पायी येतो. दीड मिनिट म्हणजे स्फोट इथून तीसेक किलोमीटरवर. तेही बरंचसं डोक्यावर. म्हणजे दगड इथेच, पाच-सात किलोमीटरच्या आत."

मग त्यांनी पेन थांबवलं. "पण मावशी, मोजत का होतात तुम्ही?"

बायजाबाईने दुर्गेशकडे बघितलं. दुर्गेशने बारदान्याकडे.

"सवय हाय," ती म्हणाली.

रविवारी दगड सापडला, आणि तोही तिलाच. कुंपणालगतची मिरची पलटताना जमिनीत वीतभर खड्डा दिसला. आत कवठापेक्षा मोठा, जळक्या भाकरीसारखा काळा गोटा, वरून गुळगुळीत, अंगठ्याने दाबल्यासारखे खळगे. तिने दोन्ही हातांनी उचलला. एवढ्याशा जिनसेला इतकं वजन असू नये. दोन किलोच्या वरच, हात म्हणाले.

तासाभरात अर्धं भिवापूर कुंपणावर होतं. कुणी म्हणालं असा दगड सोन्याहून महाग विकतो, कुणी मोबाइलवर तसा व्हिडिओही दाखवला. दुपारी मॅडम आल्या. हातमोजे घालून त्यांनी दगड सगळीकडून न्याहाळला, फोटो काढले, जीपमधून स्वतःचं छोटं वजनयंत्र काढलं आणि मोजला: दोन किलो एकशे शेहेचाळीस ग्रॅम. लवकर नेला तर बरं, त्या म्हणाल्या. काही मोजमापं ताज्या दगडावरच होतात, दिवस गेले की ती हातची जातात.

"नेता कशा?" बापूजी आडवे आले. "माह्या जागेत पडला. पंचनामा होऊ द्या. तलाठी साहेब उद्या येतात."

"मग आज रात्री माझ्या जीपमध्ये राहील. मी रेस्ट हाउसवर आहे."

"अन् सकाळी त्यातून दुसराच दगड निघाला तर? आमच्या गोदामात ठेवतो."

"तुमच्या गोदामात?" मॅडम फक्त एवढंच म्हणाल्या. पण बारदान्याखालचा काटा त्यांनीही बघितलेला असणार, असं बायजाबाईला त्या आवाजावरून वाटलं.

दोघांचाही एकमेकांवर काडीचा भरवसा नव्हता. मग दोघांनी एकदमच बायजाबाईकडे बघितलं. ज्याच्यावर सगळ्यांत कमी संशय, त्याच्या गळ्यात धोंडा, हा जगाचा नियमच आहे.

"मले काहून?" बायजाबाई म्हणाली. "मले नोका देऊ बाप्पा. कमी-जास्त झालं त माह्यावर येईन."

पण दगड स्वच्छ कपड्यात गुंडाळून, स्टीलच्या डब्यात घालून तिच्या घरी गेला. रात्री तिने डबा उशाशी घेतला. सून माया म्हणाली, "आत्याबाई, पायतो ना एकडाव." बायजाबाईने हात झटकला, "डोळ्यानं पाय, बोटानं नाही," आणि डब्याला सुतळीचे तीन वेढे दिले.

सोमवारी सकाळी तलाठी आले. कामात मुरलेला माणूस. कागदावर कमीत कमी शब्द लिहायचे आणि त्या शब्दांतून आपण सुटायचं, हे जाणणारा. डबा सर्वांसमक्ष उघडला. मॅडमनी आपलं वजनयंत्र बाहेर काढलं.

"थांबा!" बापूजी म्हणाले. रात्रभर त्यांनी विचार केला होता. आपल्या जागेतला दगड; ही बाई आज एक वजन सांगणार, नागपूरला नेऊन दुसरं लिहिणार, मधला तुकडा कुठं जाईल कुणास ठाऊक. "तुमच्या खेळण्यावर आमचा भरवसा नाही. इथं माह्या काट्यावर तोला. सगळ्यांसमोर. अन् तेच कागदावर लिहा."

दुर्गेश खाकरला. मग डोळे मिचकावले. मग मानेने नाही नाही केलं.

"अरे, मिरची गेली काय नाकात? पाणी पी अन् काटा लाव!"

बायजाबाईला हसू आवरलं नाही. ते तिने पदरात सोडलं. तीन वर्षं त्या काट्याने रोज बायांशी खोटं बोलून बापूजींना इतकं सुख दिलं होतं, की तो खोटं बोलतो हे खुद्द बापूजीच विसरून गेले होते. त्यांच्या लेखी आता तोच खरा किलो.

दुर्गेशने बारदाना काढला. दगड ठेवला. लाल आकडे थरथरले आणि थांबले: एक किलो नऊशे पन्नास.

तलाठ्याने कालचा आकडा विचारला. मॅडमनी वही वाचली. दोन एकशे शेहेचाळीस.

"एकशे शहाण्णव ग्रॅम कमी," तलाठी म्हणाले आणि पेन टेकवलं नाही.

आता सगळ्या माना एका दिशेला वळल्या. ती दिशा बायजाबाईची होती.

"तुकडा कोठी हाय, बायजे?" बापूजींचा आवाज गोड राहिला नव्हता.

"कसला तुकडा?"

"रात्री दगड तुह्या घरी होता. सकाळी पाव किलो कमी. अन् तुही सून पहिल्या गाडीनं उमरेडले गेली म्हणे?"

"माहेरी गेली ते. माय आजारी हाय तिची."

"सगळ्यायच्या माया आजारीच पडतात अशा येळेले," रुखमाबाई पुटपुटली, सगळ्यांना ऐकू जाईल इतकं हळू. कुणी म्हणालं, बायजी तशी नाही हो. कुणी म्हणालं, तशी कोणीच नसते, मोठी वस्तू हातात येईपर्यंत. पंचवीस वर्षं जिने या सातऱ्यावरची मिरची साधी पदराला लागून घरी जाऊ दिली नाही, तिच्याकडे बाया आता पदरात काही लपलंय का असं बघत होत्या.

"तुकडा आणून दे, मंग पुढचं पाहू," बापूजी म्हणाले. "नाही त उद्यापासून सातऱ्यावर पाय ठेवायचा नाही. अन् दुसऱ्या सातऱ्यावरबी मीच सांगीन."

सातऱ्याचं काम गेलं तर बायजाबाईला शेतावर दुसरं मिळेल, पण 'दगडचोर बायजी' हे नाव गावात एकदा चिकटलं की नातवंडांच्या लग्नापर्यंत निघणार नाही. आणि खरं काय ते तिला ठाऊक होतं. तीन वर्षांपासून ठाऊक होतं, कोड्यांनी. पण चाळीस बायांसमोर मालकाला चोर म्हणायचं, तेही आपण चोर ठरत असताना, तर कोण ऐकणार?

तोवर मॅडम दगड फिरवून बघत होत्या. "हा कुठेच फुटलेला नाही. वरची काळी साल बघा, हवेत वितळून तयार झालेली. सगळीकडून सलग. तुकडा काढला असता तर आतला राखाडी रंग दिसला असता."

"तुमी तिच्या बाजूनं बोलणारच," बापूजी म्हणाले. "मिळून असाल."

मॅडमनी दगड आपल्या यंत्रावर ठेवला. दोन किलो एकशे शेहेचाळीस. कालचाच.

"म्हंजे हेच बिघडलं हाय," बापूजी म्हणाले. "कालबी, आजबी."

आता दोन काटे होते आणि दोन वजनं. तलाठी पेन बंद करून आभाळाकडे बघायला लागले.

"साहेब," बायजाबाई म्हणाली. आवाज तिने इतका साधा ठेवला, जणू चहात साखर किती घालू असं विचारतेय. "मी काही यंत्रातली जाणती नाही. पण किराणातून मिठाचा एक पुडा आणा ना. बंद. किलोचा. कोनाच्या घरचा नाही, कोनाच्या बाजूचा नाही. दोन्हीवर ठिवा. ज्याच्यावर किलो भरंन, ते खरं."

दुर्गेशने तोंडावर रुमाल धरला. रस्त्यापलीकडच्या दुकानातून पुडा आला. तलाठ्यांनी तो उलटसुलट करून बघितला, मोठ्याने वाचला: "निव्वळ वजन एक किलो."

मॅडमच्या यंत्रावर एक किलो चार ग्रॅम. "चार पिशवीचे," त्या म्हणाल्या.

बापूजींच्या काट्यावर नऊशे पंधरा.

मागच्या बाया टाचा उंचावून लाल आकडे वाचायला लागल्या.

"मीठवाले चोर आहेत साले!" बापूजी म्हणाले. "आजकाल मिठातबी मारतात."

"मंग साखर आणू?" रुखमाबाईने विचारलं. तिचा आवाज एका पुड्यात बाजू बदलून आला होता. "का रवा? सगळेच चोर हायेत का पाहून घेऊ."

साखर आली. नऊशे पंधरा. चाळीस बायांनी तो आकडा बघितला, मग आपापल्या टोपलीकडे बघितलं. कुणी बोटांवर काही मोजायला लागलं.

"धूळ," बापूजी म्हणाले. "मिरचीची धूळ जाते काट्यात."

"तीन सालं धूळ जाऊन राह्यली," मागून एक म्हणाली, "अन् एकाच अंगानं?"

तलाठ्यांनी पेन उघडलं. "बापूजी, मी दिसतं ते लिहितो. तुमच्या काट्यावरचं वजन लिहायचं तर तुकडा गेला, पोलीस आले, अन् काटाबी पंचनाम्यात गेला. तो मग वजनमापच्या हापिसात जाईन. मॅडमच्या यंत्रावरचं लिहायचं, त दगड पूर्ण हाय. बोला. काय लिहू?"

बापूजींनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. डाग नव्हता, तरी झटकली.

"मॅडमचं लिहा," ते म्हणाले.

"अन् माह्यं?" बायजाबाई पुढे झाली. आता आवाजात चहा-साखर काही नव्हतं. "तुमी मले चाळीस जणींत चोर म्हटलं. तेबी लिहा साहेब. दगड बायजाबाईच्या घरी होता अन् जसाचा तसा परत आला. खाली बापूजींची सही."

"सही काहून? माणसायत बोललो तेवढं पुरे," बापूजी म्हणाले.

"माणसायत बोललं ते वाऱ्यावर जाते, बापूजी. तुमीच म्हणता ना, सगळ्यांसमोर तोला अन् कागदावर लिहा."

तलाठ्यांनी लिहिलं. बायजाबाईने ते दोनदा वाचायला लावलं, एकदा स्वतःसाठी आणि एकदा रुखमाबाईकडे तोंड करून. बापूजींनी सही केली. मॅडम दगड घेऊन निघाल्या. जाताना त्यांनी वही उघडून दाखवली: प्रकाश आणि आवाज यांतलं अंतर, एक्याण्णव सेकंद, मोजणारी, बायजाबाई, भिवापूर.

"वर चार कोड्या चौदा लिहिलं नाही?"

"लिहिलंय ना मावशी. कंसात."

त्या संध्याकाळी काट्यापुढे रांग लागली तेव्हा बायजाबाई पहिली उभी होती. तिने टोपली ठेवली नाही. आधी मिठाचा पुडा ठेवला. दुर्गेशने मामाकडे बघितलं, मामाने आभाळाकडे, आणि मग दुर्गेश काट्याची दोन-तीन बटणं दाबून पुडा किलोला येईपर्यंत घामाघूम झाला. मिरची मग. तेव्हापासून सातऱ्यावर तीच रीत पडली: आधी मीठ, मग मिरची. बापूजी पुन्हा गोड झाले. पुडा काट्याशेजारीच राहू द्या म्हणाले, रोज कुठं नेता-आणता. हवं तर मी सांभाळतो.

आठ दिवस सगळं नीट चाललं. किलोला पस्तीस कोड्या.

नवव्या दिवशी सदतीस लागल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रांगेत बायजाबाईची पाळी आली. काट्यावर पुडा आधीच ठेवलेला होता आणि लाल आकडे बरोब्बर किलो दाखवत होते. तिने पुडा उचलला, दोन्ही तळव्यांत तोलला, जसा दगड तोलला होता तसा. किलोहून जड, हात म्हणाले. मग उलटा केला. खालच्या कोपऱ्याला नखाएवढी चिकटपट्टी होती.

"दुर्गेश बाप्पा," ती म्हणाली, "मीठबी वाढते काय गा तुमच्या गोदामात?"

दुर्गेश खाकरला.

तिने कमरेची पिशवी सोडली आणि त्यातून स्वतःचा पुडा काढला, सकाळीच दुकानातून आणलेला, बंद. मागे रुखमाबाईची पिशवीही सुटली होती. तिच्या मागची पण.